तीन वर्षांच्या प्रार्थनेला उत्तर नाही, मग मी ढोंगी ठरते का?

ताई, आम्ही वसईच्या किनाऱ्यावरचे ख्रिस्ती कोळी. माझे यजमान नाखवा होते. तीन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. तेव्हापासून मी एकही मिस्सा, एकही नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना चुकवलेली नाही, पण गेले काही महिने संध्याकाळी रोझरीची माळ म्हणताना पलीकडे कोणीच नाही असे वाटते. शेजारीण म्हणते, माझा विश्वास कमी पडतो म्हणून यांना गुण येत नाही. रविवारी मी मुलांना शिकवते की देव आपली हाक ऐकतो, आणि घरी येऊन रडते. घरात हे बोलत नाहीत आणि देवही बोलत नाही. मी ढोंगी आहे का?

प्रिय भगिनी,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: नाही. ढोंगी माणूस मनात नसलेला भाव लोकांनी पाहावा म्हणून मिरवतो. तुम्ही मात्र कोणी पाहत नसताना, आजारी माणसाच्या खाटेशी बसून, काहीही जाणवत नसताना माळ हातात घेता आणि काही जाणवत नाही हे स्वतःपासून लपवतही नाही.

देव गप्प का आहे, याचे कारण मी सांगणार नाही. ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचा आव आणणाऱ्यांनी तुम्हाला पुरेसा त्रास दिलेला आहे. तुमच्या पत्रातले ‘हे बोलत नाहीत आणि देवही बोलत नाही’ हे वाक्य वाचून, यजमान बोलत नसले तरी त्यांचे प्रेम जसे आटलेले नाही तसेच देवाचेही समजा, असे लिहिण्याचा मोह झाला होता. पण यजमानांना बोलता येत नाही ते मेंदूला इजा झाली म्हणून, आणि सर्वसमर्थ देवाला अशी कोणती अडचण आहे, असे तुम्ही मला विचारले असते तर तो प्रश्न रास्तच ठरला असता.

शेजारणीच्या बोलण्याविषयी मात्र मला ठाम मत आहे. बायबलमधल्या ईयोब या सज्जन माणसावर संकटे कोसळली, तेव्हा त्याचे मित्र त्याचे दुःख पाहून सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले होते, आणि त्यांच्या हातून झालेले चांगले काम तेवढेच. त्यानंतर तोंड उघडून त्यांनी त्याचा दोष शोधायला सुरुवात केली. ग्रंथाच्या शेवटी परमेश्वराचा कोप होतो तो या मित्रांवर, देवाला उघडपणे जाब विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, तेव्हा येशू दोन्ही पर्याय नाकारतो. आजाराचा हिशेब घरच्यांच्या विश्वासाच्या खात्यात मांडणे ही ख्रिस्ताची शिकवण नाही, आणि ती बाई पुन्हा तसे बोलली तर एवढेच तिला शांतपणे सांगावे. वाद घालत बसू नये.

प्रार्थनेचे शब्द आटले आहेत असे जे तुम्हाला वाटते, त्यासाठी बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडा. आपण चर्चमध्ये स्तुतीची स्तोत्रे हौसेने गातो आणि गाऱ्हाण्यांची स्तोत्रे, ती संख्येने बरीच असूनही, चटकन उलटून पुढे जातो, हे मला नेहमी खटकत आले आहे. तेरावे स्तोत्र अवघ्या सहा ओव्यांचे आहे आणि त्यातल्या पहिल्या दोन ओव्यांत ‘कुठवर?’ हा प्रश्न देवाला चार वेळा विचारलेला आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर शेवटी काळोखाचे नाव घेऊनच थांबते. पुढे दिलाशाची एकही ओळ नाही, आणि तरीही धर्मगुरू व धर्मभगिनी जी रात्रीची विहित प्रार्थना म्हणतात तिच्यात दर शुक्रवारी चर्चने तेच स्तोत्र ठेवलेले आहे. स्वतः येशूने क्रूसावर ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असा टाहो फोडला, तो बाविसाव्या स्तोत्रातल्या पहिल्याच शब्दांत. तेव्हा रोजच्या माळेत मन लागत नसेल त्या दिवशी तेरावे स्तोत्र यजमानांजवळ मोठ्याने वाचा आणि तेवढ्यावर थांबा. देवावर रागवायची मुभा मागण्याची गरज नाही, ती शास्त्रातच दिलेली आहे.

तुमच्या भागात संत गोन्सालो गार्सिया यांचा सण थाटात होतो. वसईत जन्मलेल्या या माणसाने 1597 साली नागासाकीला क्रूसावर प्राण दिला, आणि असे धैर्य ऐकून आपल्यासारख्यांना स्वतःची लाज वाटू लागते. पण संतांची चरित्रे आपण सणाला सांगतो तेव्हा त्यांतल्या कोरड्या वर्षांना फारसे स्थान देत नाही. मदर तेरेसा 1997 साली वारल्या. त्यांनी आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहिलेली पत्रे पुढे प्रसिद्ध झाली, तेव्हा कळले की कोलकात्यातले सेवाकार्य सुरू झाल्यापासून जवळजवळ पन्नास वर्षे, मधला एक अल्प काळ सोडला तर, त्यांना देवाची जवळीक जाणवलीच नव्हती. ती पत्रे नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. चर्चने ती सगळी वाचूनही 2016 साली त्यांना संतपद दिले. त्यांची पन्नास वर्षे पाहता तुमची तीन किरकोळ आहेत, असे मी म्हणत नाही. मदरच्या हाताशी मदतीला भगिनी होत्या आणि तुम्ही रात्री एकट्याच उठता.

म्हणूनच यापुढचे थोडे व्यवहाराचे. तीन वर्षे अखंड शुश्रूषा करणाऱ्या बाईला प्रार्थनेतच नव्हे तर जेवणात, बोलण्यात, नातवंडांतही रस वाटेनासा झाला असेल आणि झोप उडाली असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना दाखवा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला 14416 या क्रमांकावर फोन करा. त्याने विश्वासाला कमीपणा येत नाही. आठवड्यातल्या दोन रात्री घरातल्या दुसऱ्या कोणावर सोपवा. धर्मशिक्षणाचा वर्ग थकव्यापोटी वर्षभर सोडायचा असेल तर जरूर सोडा, मात्र स्वतःला शिक्षा म्हणून सोडू नका. देव ऐकतो हे तुम्ही शिकवता ते चर्चच्या विश्वासाचे वाक्य आहे, आणि ते खरे ठरण्यासाठी त्या दिवशी तुमच्या मनात तशी खात्री असावी लागत नाही.

यजमानांविषयीही एक सांगायचे आहे. पक्षाघाताने वाचा गेलेल्या काही रुग्णांना स्वतःचे वाक्य जुळवता येत नाही, पण लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना किंवा गाणे इतरांबरोबर म्हणताना त्यांच्या तोंडून शब्द उमटतात. माळ त्यांच्या शेजारी, सावकाश, त्यांना सामील होता येईल अशा लयीत म्हणून पाहा. एखादा शब्द आला तर त्याला चमत्कार समजू नका आणि आला नाही तर स्वतःला दोष देऊ नका. स्पीच थेरपी थांबवली असेल तर पुन्हा चौकशी करा, कारण वर्षे लोटल्यावरही काही रुग्णांत सुधारणा होते.

पुढच्या पहिल्या शुक्रवारी फादर ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घेऊन आजाऱ्यांच्या घरी येतील, तेव्हा त्यांच्याकडे स्वतःसाठी वेगळी वेळ मागा. कन्फेशनच्या, म्हणजे पापकबुलीच्या, रांगेत उभे राहून हे सांगू नका, कारण तिथे ते पाप म्हणून सांगितले जाईल आणि ते पाप नाही. मला लिहिलेले पत्र सोबत न्या. बोलता आले नाही तर त्यांना तेच वाचायला द्या.