हेजसाठी पोस्टातली ठेव मोडायची का, सर?

नमस्कार सर, तुमचा मेसेज दोनदा वाचला. बेळगावजवळ पिरनवाडीकडं पाच गुंठ्यात घर, रिटायर होऊन दीड वर्ष झालं, बागेत हेज, म्हणजे झुडपांचं हिरवं कुंपण, लावून बसायच्या तीन जागा करायच्यात, एक चहाला, एक नातवंडांना खेळायला, एक वहिनींच्या तुळशीपाशी, आणि लँडस्केपवाल्यानं २ लाख ४० हजारचं कोटेशन दिलंय म्हणून पोस्टातली १५ लाखाची सीनियर सिटिझन स्कीम मोडू का असं विचारलंय.

मोडू नका सर. त्या खात्यातनं थोडेच पैसे काढता येत नाहीत, बंद करायचं तर पूर्ण. वर्ष झालंय पण दोन झाली नाहीत, म्हणजे मुदलातनं दीड टक्का कापणार, २२,५०० रुपये गेले आणि बागेत अजून एक खड्डापण खणलेला नाही. आज ८.२ टक्क्यानं दर तिमाहीला ३०,७५० येतात, त्यावरच किराणा आणि औषधं चालतात असं तुम्हीच लिहिलंय. बागेचा खर्च वजा करून उरलेले परत याच दरानं ठेवले तरी हातात २५,३०० च्या आसपास येणार, दर तीन महिन्याला पाच हजाराची खोट, आणि नवीन खात्याला दर त्या दिवशीचा लागतो, आत्ताचाच मिळेल असं नाही. सेव्हिंगमधले ३ लाख दवाखान्यासाठी आहेत, त्यांनाही हात नको.

आता कोटेशन बघा की. २४० फूट हेज, दीड फुटावर एक म्हणजे १६० रोपं, चार फुटी तयार कामिनी (सुवासिक फुलांचं झुडूप) ३५० ला एक, ५६ हजार झाले. तीच कामिनी तुमच्या नर्सरीत छोट्या पिशवीत २५ ला आहे म्हणता, मग १६० चे चारच हजार. मधले ५२ हजार तुम्ही फक्त काही पावसाळ्यांच्या वाढीचे देताय, आणि तुम्हाला कुठं घाई आहे? खुर्चीत बसलेल्या माणसाची नजर चार फुटाच्या आसपास असते, तेवढी उंची आली की आडोसा झाला, सहा फुटी भिंत लागतच नाही. उरलेले १ लाख ८४ हजार फरशी, लॉन, लाइटचे आहेत, त्यातलं आज काहीच अडलेलं नाही.

खरा खर्च पुढं आहे, छाटणीचा. आमच्या घरी वडिलांनी दुरांटा, हेजचंच दुसरं झुडूप, लावला होता, लवकर दाट होतो म्हणून, पण आपल्याकडच्या पावसात तीन आठवड्यात फुटवे वर येऊन वाटेत लोंबायचे, चालताना शर्ट भिजायचा, परत माळी, परत मजुरी. शिवाय त्याची पिवळी फळं विषारी, तुमची नातवंडं लहान आहेत, नकोच तो. कामिनी हळू वाढते पण छाटणी कमी आणि पावसानंतर फुलली की वास अंगणभर, फक्त लिंबाच्या झाडाजवळ लावू नका, लिंबावरची सिला कीड तिच्यावर पोसते. आणि हेज वर थोडी निमुळती छाटायला सांगा, नाहीतर खाली ऊन लागत नाही आणि बुंध्याकडं उघडी पडते.

असं करा, पहिल्या वर्षी फक्त चहाची जागा. ६० फूट, ४० रोपं, १,००० रुपये, वर चर खणायची मजुरी आणि शेणखत. जूनमध्ये पाऊस धरला की लावा, मुळं धरेपर्यंत पाणी वरनंच मिळतं. पण एप्रिल-मेचं आत्ताच बघून ठेवा, नळाच्या पाण्यावर बाग जगवायची म्हटलं तर अवघड, बोअर नसेल तर टँकरचा खर्च धरा. १ जुलैच्या व्याजातनं पाच हजार बाजूला काढा, ठेव मोडल्यासारखी ही कायमची खोट नाही, नड आली तर थांबता येतं, पुढच्या तिमाहीलाही तेवढेच, वर्षाचे वीस हजार होतात, दुसरी जागा त्यातनं.

फरशीऐवजी सध्या खडी पसरा आणि घरातल्याच दोन खुर्च्या बाहेर ठेवा. माळी एका छाटणीचे किती घेतो तेवढं विचारून कळवा, मग २४० फुटाचा वर्षाचा आकडा काढून देतो, तोवर लँडस्केपवाल्याला ॲडव्हान्स देऊ नका.