लेकर्स-सेल्टिक्सचं वैर: कुठून सुरुवात करशील?

लॉस एंजेलिसचे लेकर्स आणि बॉस्टनचे सेल्टिक्स हे एनबीएतले, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधले, दोन संघ. बाजू निवडायची घाई करू नकोस. आधी १९८४ची फायनल बघ, हायलाइट्स नव्हे, जमतील तितके पूर्ण सामने. चौथ्या सामन्यात सेल्टिक्सच्या मॅकहेलने लेकर्सच्या रॅम्बिसला हवेतच आडवा केला, तिथून मालिकेचा नूरच पालटला आणि बॉस्टनने ती ४-३ अशी जिंकली. पुढच्याच वर्षी लेकर्सनी बॉस्टन गार्डनमध्ये, सेल्टिक्सच्या तेव्हाच्या घरच्या मैदानात जाऊन उट्टं काढलं. नुसत्या लेकर्सचा मॅजिक जॉन्सन आणि सेल्टिक्सचा लॅरी बर्ड यांच्या क्लिप बघून ही खुन्नस कळत नाही. १९६९बद्दलही वाच. जेरी वेस्टचा संघ, लेकर्स, सेल्टिक्सकडून हरला, तरी फायनलचा सर्वोत्तम खेळाडू तोच! तसं नंतर कुणाचंच झालेलं नाही.

एनबीए टू-के हा व्हिडिओ गेम खेळत असशील तर त्यातले ऐंशीच्या दशकातले जुने संघ घे. सारखे थ्री (लांबून तीन गुणांचे शॉट) मारत सुटू नकोस, बॉल आत मॅकहेलकडे दे. तेव्हाचा खेळ असाच होता. (ऑनलाइन शिव्या खाव्या लागतील, आवाज बंद ठेव.)

प्रत्यक्ष बघायला जायचं असेल तर लक्षात घे, हे दोघे वेगळ्या कॉन्फरन्सचे, म्हणजे लीगच्या वेगळ्या गटांतले. नियमित मोसमात बॉस्टनला एकदा आणि लॉस एंजेलिसला एकदा, एवढीच गाठ पडते, त्यामुळे तिकिटं भलतीच महाग. माझं मत विचारशील तर बॉस्टनला जा, पण सामना दुसऱ्या एखाद्या संघाविरुद्धचा घे. टीडी गार्डन, सेल्टिक्सचं आताचं मैदान, नॉर्थ स्टेशन या रेल्वे स्टेशनच्या डोक्यावरच आहे, गाडी भाड्याने घ्यायची गरज नाही. लेकर्सची जर्सी मात्र हॉटेलातच ठेव.