स्टंप ग्राइंडर: एचपी नंतर, आधी दात पहा

भाऊ, तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि दुपारच्या डब्यापर्यंत डोक्यातून गेली नाही. चार वर्षं झाडं छाटायचं-तोडायचं काम, आता प्रत्येक गिऱ्हाईक विचारते की बुडाचं काय करता, आणि ऑनलाइन १५ एचपीचा (हॉर्सपॉवर, म्हणजे इंजिनाची ताकद) एक स्टंप ग्राइंडर, म्हणजे दात लावलेलं चाक फिरवून बूड किसून काढणारं मशीन, बाकीच्यांपेक्षा ३५ हजारांनी स्वस्त दिसून राहिलं. घेऊ का? शब्दाला शब्द हाच प्रश्न मी कोरोनाच्या आदल्या वर्षी एका ओळखीच्याला विचारला होता. तो म्हणाला, "घे बिनधास्त, १५ एचपी म्हणजे लय झालं." मी घेतलं.

आधीच सांगतो, मी इंजिनियर नाही आणि कुठल्या कंपनीचा डीलरही नाही. माझ्याकडे हँडलनं चालवायचं एक मशीन आहे, मोठ्या कामाला ट्रॅक्टरवरचं भाड्यानं आणतो. जे सांगतो ते तेवढ्यातूनच आलेलं आहे. हेल्मेट, जाळी, बूट यावर बोलत नाही. चार वर्षं चेनसॉ चालवली म्हणजे ते तुम्हाला कळते.

माझी चूक एचपीची नव्हती. इंजिन आजही चालते. मी दात पाहिले नव्हते, ही चूक.

मशीन मार्चमध्ये आलं. पहिले वीस दिवस गुलमोहर, सुबाभूळ, एक-दोन रेन ट्री. लोणी कापल्यासारखं चाललं, मी व्हिडिओ काढून सगळ्या ग्रुपवर टाकले. मग एका जुन्या बंगल्यातला कडुनिंब आला. बूड अडीच फुटांचं. घरमालकाच्या आजीच्या काळात तिथं गाय बांधायचे. बुंध्यात ठोकलेली लोखंडी कडी झाडानं कधीच गिळून टाकली होती, वरून सालीवर साधी गाठ दिसत होती. मशीन अर्धं बूड खाऊन गेलं आणि मग असा आवाज झाला की शेजारचे लोक गच्चीवर आले. दोन दात गेले, तिसऱ्याचं कार्बाइड, म्हणजे दाताच्या टोकाचा कडक तुकडा, टवका उडून निम्मं राहिलं, आणि एक पॉकेट, म्हणजे चाकावरची ज्यात दात बसतो ती जागा, वाकली.

इथपर्यंत ठीक आहे, हे कोणाच्याही मशीनला होऊ शकते. खरा खर्च पुढे झाला. विक्रेत्याला फोन केला. ते म्हणाले मेल करा. मेल केला तर तक्रार क्रमांक आला. आठ दिवसांनी उत्तर आलं, दात स्टॉकमध्ये नाहीत, पुढच्या कंटेनरमध्ये येतील. कंटेनर कधी येईल, तर सांगता येणार नाही. मी विचारलं, दुसऱ्या कोणाचे दात बसतात का? यावर उत्तर आलं की ओरिजिनल सोडून दुसरे लावले तर वॉरंटी जाईल. म्हणजे ओरिजिनल मिळत नाहीत आणि दुसरे लावायचे नाहीत! त्या ऑफिसात नंतर जो-जो फोनवर आला त्याला मी पहिल्यापासून कथा सांगितली, आणि प्रत्येकानं नव्यानं मशीनचा सीरियल नंबर विचारला. नाव लिहीत नाही, त्यात अर्थ नाही. ४७ दिवस गेले. ऐन मे महिना, वादळानं झाडं पडायचा, म्हणजे आपल्या धंद्याचा सीझन.

वाट पाहून कंटाळलो आणि एका वर्कशॉपमध्ये दात बनवून घेतले. त्यानं लेथचे जुने कार्बाइड तुकडे पितळेनं जोडून दिले आणि गरम असतानाच पाण्यात बुडवले. मला तेव्हा काय कळते! लेथवरचं कार्बाइड बहुतेक कडक आणि ठिसूळ असते, कारण त्यात कोबाल्ट कमी. एकसारखं फिरणारं लोखंड कापायला ते बरं, पण दर फेरीला धक्का खायला नाही. स्टंपच्या दाताला मार खाणारा, जास्त कोबाल्टचा ग्रेड लागतो. आणि कार्बाइड व पोलाद एकाच प्रमाणात आकसत नाहीत, म्हणून एकदम पाण्यात घातलं की बारीक तडे जातात, जे डोळ्यांनी दिसत नाहीत. दुसऱ्याच दिवशी एक तुकडा सुटला आणि चाकाभोवतीच्या पडद्याखालून निघून उभ्या असलेल्या गाडीची मागची काच फोडून गेला. गाडीत कोणी नव्हतं, एवढंच. काच मी भरून दिली. घरी आल्यावर हात कापत होते.

पण चाकावर आता जुने चार, नवे तीन आणि एक जागा रिकामी. चाकाचा तोल गेला, मशीन थरथरायला लागलं आणि आठवड्यात बेअरिंग गेलं. बेअरिंग घ्यायला बाजारात गेलो तर आणखी मजा. माझा शाफ्ट एक इंचाचा, म्हणजे २५.४ मिलिमीटर. दुकानातलं यूसी २०५ हे २५ मिलिमीटरचं. एक इंचाचं बेअरिंग निघते, त्याच्या नंबरापुढे १६ लागते, पण ते त्या दिवशी कुठल्याच दुकानात नव्हतं. एक दुकानदार म्हणाला, "भाऊ, शाफ्ट घासून घ्या ना, काय फरक पडते?" तो मोह टाळला, तेवढं डोकं जागेवर होतं. यात एका सोसायटीचं ११ स्टंपचं काम गेलं. ३५ हजार वाचवले होते, भाऊ. हिशोब पुन्हा केला नाही, केला की झोप येत नाही.

म्हणून तुम्ही आता त्या विक्रेत्याला एचपी विचारू नका. दात विचारा. दात बोल्टनं बसतो की चाकाला वेल्ड केला आहे? वेल्ड असेल तर तिथंच फोन ठेवा. नुसता दात बदलता येतो की पॉकेटसकट? एक धार बोथट झाली की दात फिरवून दुसरी धार वापरता येते का? गोल दात असेल तर फिरवून साधारण तीन धारा वापरता येतात, म्हणजे तेवढ्याच पैशात तिप्पट काम. दुसऱ्या एखाद्या कंपनीचा दात त्यात बसतो का? आणि सर्वांत महत्त्वाचं, मशीनसोबत दातांचा एक पूर्ण सेट आणि आठ-दहा बोल्ट आजच्या आज बिलात लिहून देता का? जो माणूस "नंतर पाठवतो" म्हणतो त्याच्याकडे स्टॉक नसतो. माझं मत आहे हे, पण महाग पडून आलेलं मत आहे.

त्यानंतर बेअरिंगचे नंबर आणि व्ही-बेल्टचा साईझ. तेही फोनवर विचारा. ६२०५, ६२०६ किंवा यूसीपी २०६ असे नंबर असले, बेल्ट ए किंवा बी सेक्शनचा असला, तर नागपुरात संध्याकाळपर्यंत मिळते. "कंपनीचं स्पेशल बेअरिंग आहे" असं कौतुकानं सांगितलं तर समजा, ते बिघडलं की तुमचं कामही स्पेशल सुट्टीवर जाणार.

आता एचपीबद्दल थोडं, कारण तुम्ही त्यावरच अडकले आहात. ४२० सीसीचं चिनी इंजिन १५ एचपी म्हणून विकतात. होंडाचं जीएक्स ३९०, जे ३८९ सीसीचं, पूर्वी १३ एचपी म्हणून यायचं. तेच मॉडेल आता नेट पॉवरच्या मोजणीनं ११.७ एचपी लिहितात. आकडा उतरला तो मुख्यतः मोजायची पद्धत बदलली म्हणून. म्हणून दोन कागदांवरचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून काही कळत नाही, सीसी पहा. आणि ४५ अंशांत हवा पातळ होते, एअर-कूल्ड इंजिनाचा दम कमी होतो, हे कागदावर कोणी लिहीत नाही. मे महिन्यात मी सकाळी साडेपाचला सुरू करतो आणि दहाला बंद. ऑइल रोज पाहतो, नवीन इंजिनाचं पहिलं ऑइल २० तासांनी बदलतो. एअर फिल्टर दर दुसऱ्या दिवशी झटकतो, कारण आपली धूळ आणि स्टंपचा भुसा मिळून त्याचं ब्लँकेट बनवतात.

मशीन कोणत्या जातीचं घ्यायचं हे तुमच्या कामावर आहे. जुन्या वस्तीत, महाल-इतवारीकडं, काम असेल तर फाटकाची रुंदी मोजा. अडीच-तीन फुटांचं फाटक आणि ३६ इंचांचं मशीन, ही गंमत मी पाहिली आहे. तिथं हँडलचंच लागते. शेतातली, ले-आउटमधली, रस्त्याकडेची मोठी कामं असतील तर ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणारं भाड्यानं आणा. पीटीओ ५४० आरपीएमचा, ट्रॅक्टर आसपास कुणाचाही मिळतो. तेवढ्यासाठी विकत घेऊ नका, निदान पहिल्या दोन वर्षांत तरी नाही.

माती आणि झाडही पहा. हिंगणा-वाडीकडे खाली मुरूम आणि दगड. तिथं दात काळ्या मातीच्या मानानं फार लवकर बोथट होतात, तर भावही तसाच सांगा. काळ्या मातीत पावसाळ्यात मशीनची चाकं रुततात. फळ्या नेत जा. चिंच आणि बाभूळ मशीनचा घाम काढतात. पाम असेल तर सांभाळून, त्याचे तंतू शाफ्टला गुंडाळून बसतात. दर दहा मिनिटांनी बंद करून साफ करा, इंजिन बंद म्हणजे बंद, प्लगची वायर काढून. दात बोथट झाला हे कसं ओळखायचं? चिप्सऐवजी पीठ उडायला लागलं की थांबा. लोक काय करतात, आणखी दाबतात. मग बेल्ट जळतो आणि शिव्या मशीनला.

आणि एकदम खोल घुसू नका. कडेपासून, वरून, इंच-दीड इंच खाऊन बाजूला झाडल्यासारखं फिरवायचं. सुरुवातीला बुंध्यापाशी कुदळ मारून दगड-विटा पहा. जुन्या झाडाला पार बांधलेला असेल तर मुळांनी विटा गिळलेल्या असतात. मी आता एक साधं हँड मेटल डिटेक्टर सोबत नेतो, एका दाताच्या भावात येते. आणि पाण्याची पाइप, गॅस, केबल कुठून गेली हे घरमालकाला विचारून भागत नाही, त्यांना माहीत नसते. शक्य असेल तिथं मीटरपासून रेषा पाहून घ्या.

परवानगीचं थोडक्यात, कारण यात मी एकदा भांडलोय. शहरात झाड तोडायला १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांची गोष्ट वेगळी, ती हेरिटेज वृक्ष म्हणून. तुम्ही म्हणाल, मी तं नुसतं बूड काढून राहिलो, झाड दुसऱ्यानं तोडलं. तरी गिऱ्हाइकाकडून परवानगीच्या पत्राचा फोटो मागून घ्या. उद्या तक्रार झाली तर मशीनसकट तिथं उभे तुम्ही असता. कायद्याचा सल्ला देत नाही, कागद जवळ ठेवायचा सल्ला देतो.

भावाबद्दल कोणी विचारलं नाही, पण सांगतो. बुडाच्या इंचावर भाव लावा, पण जमिनीला टेकलेल्या भागाची रुंदी मोजा, वरच्या कापाची नाही. कडुनिंब-वडाचं बूड खाली पसरते. चिप्स उचलून नेणं वेगळं. गिऱ्हाईक तिथंच दुसरं झाड लावणार असेल तर ३० सेंटीमीटरच्या खाली जा, चिप्स काढून माती भरा. ताज्या चिप्स कुजताना मातीतला नायट्रोजन ओढतात, रोप पिवळं पडते आणि दोष तुमच्यावर येतो. नुसतं लॉन करायचं असेल तर १०-१५ सेंटीमीटर पुरते. सुबाभळीच्या बुडाचा एक जरी जिवंत भाग राहिला तर धुमारे येतात, ते आधीच बोलून ठेवा.

बोल्ट मात्र कधीही हार्डवेअरच्या डब्यातला उचलून लावू नका. मशीनच्या कागदावर जो ग्रेड लिहिला तोच, आणि लॉकनट दुसऱ्यांदा वापरायचा नाही. दात बदलला तर समोरासमोरचे दोन्ही बदला, तोल राहतो. काच फोडल्यानंतर एवढं तरी शिकलो.

त्या ३५ हजार कमीवाल्या विक्रेत्याला आज फोन करा, दाताचा नंबर आणि चाकाचा जवळून फोटो मागा. पाठवला तर इथं टाका, पाहून सांगतो. नाही पाठवला, तर तेच तुमचं उत्तर.