मोठा भोंगा लावला की लोक ऐकतील का?

प्रश्न: आमच्या प्लांटमध्ये हूटर दिवसभर वाजतो, मटेरियल संपलं की वाजतो, कुठलं झाकण उघडं राहिलं की वाजतो आणि मशीनमध्ये खरंच कोणाचा हात अडकायची वेळ आली तरी तोच आवाज. आता कोणी मान वर करून पण बघत नाही, परवा तर कोणीतरी हूटरच्या तोंडात चिंधी कोंबलेली सापडली. साहेब म्हणतात अजून मोठा बसवू. उपयोग होईल का? (एक सुपरवायझर)

उत्तर: नाही होणार. आणि चिंधी कोंबणाऱ्याला मेमो देऊ नका प्लीज, त्याने तुम्हाला खरा प्रॉब्लेम दाखवलाय. 1979 साली अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला तेव्हा पहिल्या काही मिनिटांत शंभरावर अलार्म एकदम सुरू झाले होते, त्या गोंधळात ऑपरेटरना नेमकं बिघडलंय काय तेच कळेना.

म्हणून आधी यादी करा, कुठला अलार्म वाजला की कोणी काय करायचं. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही तो बंद करा. मटेरियल संपलं वगैरेला टॉवर लॅम्पचा (मशीनवरचा एकावर एक रंगीत दिव्यांचा खांब) पिवळा दिवा पुरतो. हूटर फक्त जिवाच्या धोक्याला, आणि त्याचा आवाज बाकी कशासारखाच नको.

आवाज किती हवा? आजूबाजूच्या आवाजापेक्षा साधारण 15 डेसिबल जास्त, म्हणजे शॉपफ्लोअरवर 85 असेल तर 100. पण हे मोजायचं माणूस उभा असतो तिथे, सगळी मशीन चालू ठेवून, हूटरखाली मीटर धरून नाही! सूर फार बारीक, म्हणजे उंच पट्टीतला नको, 500 ते 2500 हर्ट्झमधला घ्या, कारण कान झाकणारे इअरमफ असे बारीक आवाज जास्त अडवतात आणि वर्षानुवर्षं मशीनपाशी काम केलेल्यांना पण आधी बारीक आवाजच ऐकू येईनासे होतात.

सोबत दिवा हवाच. तो छताला नको, काम करताना नजर जाते तिथे लावा, लुकलुकणं सेकंदाला तीनच्या वर नको, कारण जास्त वेगाने काहींना फिट येऊ शकते. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक प्रत्येक ठिकाणी असतात, तेव्हा लाल दिवा सगळीकडे वरच ठेवा म्हणजे जागेवरूनही कळतं.

सगळं बसवून झालं की नव्या पोरांना रात्रपाळीत न सांगता आवाज ऐकवा आणि विचारा, आता काय करशील? तो घुटमळला तर आवाज बदला, त्याला ओरडू नका.