उंबऱ्यावरचं पुसलेलं स्वस्तिक

"ताई, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी हिनं उंबऱ्यावरचं स्वस्तिक पुसलं. पायानं!" आजींचा आवाज कापत होता. नाशिकच्या पंचवटीतून रिक्षा करून त्या नातीला आणि सुनेला घेऊन गंगापूर रोडला माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या होत्या. अकरा वर्षांची नात खुर्चीच्या कडेवर बसली होती, नजर दारावर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

सुनेनं जे विचारलं, ते मी अनेक आयांकडून ऐकते. परदेशातून परतलेल्या आयांकडून तर ऐकतेच, पण इथल्याच इंग्रजी शाळेत मुलं घालणाऱ्यांकडूनही. "हिला आपल्या देवाधर्माची लाज वाटायला लागली का?"

हे कुटुंब तीन वर्षं जर्मनीत होतं. वडील सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर, कंपनीनंच पाठवलेले. तिथल्या पहिल्या दसऱ्याला मुलीनं घरच्या पद्धतीप्रमाणे नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवानं स्वस्तिक काढलं आणि ती वही शाळेत नेली. बाईंना त्यात हिटलरच्या नाझी पक्षाचं चिन्ह दिसलं. त्यांनी वही ठेवून घेतली, आईवडिलांना बोलावलं. अर्ध्या तासात गैरसमज मिटला, वहीही परत मिळाली. आईवडिलांच्या लेखी विषय संपला होता.

मुलीच्या लेखी तो तिथून सुरू झाला. दोन भेटी ती काही बोलली नाही, नुसती चित्रं रंगवत राहिली. तिसऱ्या भेटीत मी लाज, धर्म, शाळा यातलं काही न काढता एवढंच विचारलं, "त्या दिवशी पुसायची घाई का होती गं?"

"बाबांचे तिकडचे साहेब फराळाला येणार होते."

"मग?"

"त्यांनी बघितलं असतं, तर बाबांना तीन वर्षं जेलमध्ये टाकलं असतं."

शेजारी बसलेल्या आईनं तोंडावर हात ठेवला. जर्मनीत त्या रात्री नवराबायको स्वयंपाकघरात दबक्या आवाजात कायदा, तुरुंग, व्हिसा असं काहीबाही बोलले होते. दुसऱ्या दिवशी दारावरचं स्वस्तिकाचं तोरण निघालं. मुलीला कुणी काही सांगितलं नाही. वडील मात्र फोनवर गावाकडे म्हणाले, "इथली माणसं भलतीच नाजूक, कशाचाही बाऊ करतात." एकीकडे हे, दुसरीकडे निघालेलं तोरण. मुलीनं तोरणावर विश्वास ठेवला. मुलं तेच करतात, आपण जे बोलतो त्यापेक्षा जे गुपचूप लपवतो ते त्यांना खरं वाटतं. तिनं लाजेपोटी पुसलं नव्हतं. ती बापाला वाचवत होती.

पुढचं काम वडिलांनी करावं, असा मी आग्रह धरला. भीती त्यांच्या बोलण्यातून आली होती, ती त्यांच्याच तोंडून जायला हवी होती. कायदा त्यांनी तिला सरळ सांगितला. जर्मन दंडसंहितेच्या ८६अ कलमानुसार नाझींची चिन्हं जाहीरपणे वापरणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिक्षण, संशोधन, कला यांसाठी सवलत आहे. आणि चौदा वर्षांखालच्या मुलावर तिथं फौजदारी खटलाच चालत नाही. नाशिकमधल्या उंबऱ्याशी तर त्या कायद्याचा काही संबंधच नाही. ते ऐकताना पहिल्यांदाच ती खुर्चीत मागे टेकून बसली.

पण तेवढ्यावर थांबणं मला पटत नव्हतं. "आपलं पवित्र, त्यांना काही कळत नाही" असं शिकवून मूल पाठवलं, तर ते उद्या आणखी कुठंतरी ठेचकाळणार. म्हणून आम्ही कागदावर दोन आकृत्या काढल्या. एक आपली, चार घरांत चार टिंबं असलेली. तिच्या इथल्या वर्गातली एक जैन मैत्रीणही देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, अक्षतांनी स्वस्तिक काढते. दुसरी नाझी पक्षाची. १९२० साली झेंड्यावर आलेली, लाल रंगावर पांढरं वर्तुळ, त्यात तिरकं काळं चिन्ह. त्याचं जर्मन नाव 'हाकेनक्रॉइत्स', म्हणजे हुकासारख्या वाकड्या टोकांचा क्रूस. त्या झेंड्याखाली सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले, हे मी तिला सांगितलं. वयाला झेपेल इतकंच, पण सांगितलं. कोकणातल्या शनवार तेल्यांबद्दलही सांगितलं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, घरात मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू.

बराच वेळ ती दुसऱ्या आकृतीकडे बघत होती. मग म्हणाली, "माझ्या तिकडच्या वर्गात कुणाचे आजोबा तसे मेले असतील, तर माझी वही बघून त्याला कसं वाटलं असेल?"

आजी तिथंच होत्या. इतका वेळ त्यांना नातीनं माफी मागावी असं वाटत होतं. त्या उठल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सोन्या, मला आधी विचारायला हवं होतं गं, का पुसलंस ते."

ज्या आया मला हा प्रश्न विचारतात, त्यांना मी हेच सांगते. मुलानं असं काही काढलं किंवा पुसलं, तर आधी त्याच्या मनात काय होतं ते विचारा. नंतर दुसऱ्याला त्यात काय दिसतं ते सांगा. क्रम उलटा झाला की मूल गप्प होतं. शाळेतून बोलावणं आलं तर मुलासमोर ना शाळेला नावं ठेवा, ना घरातल्या वस्तू लपवा. तोरण काढावंच लागलं तर का काढतोय ते सांगून काढा.

गुढीपाडव्याला आजींचा फोन आला. नातीनं देवघरात स्वस्तिक काढलं होतं, टिंबांसकट. उंबऱ्यावर मात्र अजून नको म्हणाली. "काढ म्हणू का?" आजींनी विचारलं. मी म्हटलं, नको, राहू द्या.