आजी मुगात राख का घालते?

प्रिय सई,

परवा व्हिडिओ कॉलवर नाक मुरडून तू विचारलंस, "आई, आजी चांगल्या मुगात राख का कालवते? आणि तेच आपण खायचं?" तेव्हा मी ऑफिसला निघाले होते. आज शिकागोत सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी राख न लावलेले मूठभर मूग उजेडात नीट बघ. एखाद्या दाण्यावर पांढरा ठिपका चिकटलेला दिसेल. ते भुंग्याचं अंडं. त्यातली अळी थेट दाण्यात शिरते, आतला गर खात वाढते आणि भुंगा होऊन बाहेर पडते, ते गोल भोक पाडून. भोक दिसेपर्यंत दाणा आतून पोखरलेला असतो. राखेने दाण्यांमधल्या फटी बुजतात, भुंग्याला हिंडायला जागा उरत नाही. शिवाय त्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो. राखेने तो खरवडला गेला की अंगातलं पाणी उडून भुंगा मरतो. औषध नाही, पावडर नाही. खायच्या वेळी मूग चाळून दोन-तीन पाण्यांनी धुतले की झालं.

पण राखेच्या आधी ऊन. मृग लागायच्या आत आजी सगळं धान्य स्लॅबवर घालते. कागलकडे पाऊस लागला की ऊन दिसायची मारामार, आणि दमट दाण्याला कीड लागते, बुरशीही येते. शाळू वाळला का, हे ती दाताखाली धरून बघते. कटकन फुटला तर ठीक, चेपला तर अजून एक ऊन. तापलेलं धान्य मात्र ती लगेच भरत नाही, पूर्ण निवू देते. पूर्वीच्या कणगीतून हवा खेळायची, आताच्या पत्र्याच्या कोठीत गरम धान्य भरलं तर पत्र्याला आतून घाम सुटतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. तूरडाळीला ती एरंडेल चोळते, तेही किडीसाठीच.

आणि ही राख येते गोठ्यातून. म्हशीच्या शेणाच्या शेणी, शेणी चुलीत, चुलीतली राख चाळून मुगात. तूर भरडून उरलेली चुणी परत म्हशीच्या घमेल्यात. बाजारातून काही आणावं लागत नाही, टाकावं लागत नाही. इतक्या विचाराने चालणारं घर मी इथे अजून पाहिलेलं नाही, आणि ते तुला बघायला मिळतंय याचा मला फार आनंद आहे. चुलीत बिस्किटाचा कागद टाकलास म्हणून आजी रागावली ना? प्लॅस्टिक जळालेली राख धान्याला चालत नाही, म्हणून.

राख चाळताना नाकाला रुमाल बांध. आणि बियाण्याचे मूग आजी कुठे वेगळे ठेवते, ते तिला विचारून मला कळव.

तुझी,
आई