जुन्या सीटीवरून हाडांचा ठिसूळपणा कळतो, पण सीडी हातात हवी

मुतखड्यासाठी तुमच्या आईंचा पोटाचा सीटी काढला, रिपोर्टच्या तळाशी ‘हाडांची घनता कमी वाटते’ असं आलं आणि डॉक्टर म्हणाले, वयोमानानुसार असायचंच. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, माझ्या सासूबाईंचं अगदी हेच झालं होतं.

हे वयावर ढकलू नका. पोटाच्या सीटीत कमरेचा पहिला मणका, म्हणजे एल-१, येतोच. त्याचं कडक कवच टाळून आतल्या जाळीदार हाडावर संगणकावर गोल काढला की हाउन्सफील्ड युनिटमध्ये (एचयू, म्हणजे सीटीत तो भाग किती दाट दिसतो त्याचं माप) आकडा मिळतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पिकहार्ट यांच्या २०१३च्या अभ्यासानुसार तो १६०च्या वर असेल तर ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ झाल्याची, शक्यता कमी, ११०च्या खाली असेल तर बरीच जास्त. मात्र कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) दिला असेल तर आकडा फुगतो.

आमचं गाडं अडलं सीटी काढलेल्या सेंटरवर. दोन-तीन वर्षांनी सासूबाईंची पाठ धरली, एक्स-रेत मणके दबलेले निघाले. ते आधीपासूनचे की नवे, हे ठरवायला ऑर्थोपेडिकनी जुना सीटी मागितला. आमच्याकडे फक्त फिल्म. तिच्यावर चौकटी-चौकटींत पोटाचे आडवे काप. पाठीचा कणा बाजूने दाखवणारा एकही नाही, आणि फिल्मवरून तो आकडाही काढता येत नाही. सेंटरवाले आधी म्हणाले ‘शोधतो’, मग ‘अर्ज द्या’, शेवटी ‘जुना डेटा काढून टाकलाय’. पैसे पेशंटने मोजायचे, किरणं पेशंटने सोसायची आणि चित्रं मात्र यांच्या मर्जीवर! अजूनही संताप होतो.

म्हणून आजच जाऊन डायकॉम, म्हणजे सीटीच्या मूळ डिजिटल चित्रांच्या, फाइल्सची सीडी किंवा पेनड्राइव्ह घ्या, घरी उघडते का बघा. रेडिओलॉजिस्टकडून दोनच गोष्टी लेखी मागा: एल-१चा एचयू किती आणि सॅजिटल, म्हणजे कणा बाजूने दाखवणाऱ्या, कापांत एखादा मणका दबलाय का. मी डॉक्टर नाही, तुम्हीही घरी गोल काढून निदान करत बसू नका.

डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) सांगतील, ती जरूर करा. पण उतारवयात मणक्यांची झीज आणि महाधमनीत साठलेलं कॅल्शियम यांमुळे तिच्यातला कमरेचा आकडा खोटा चांगला येऊ शकतो, तेव्हा खुब्याचा स्कोअरही बघाच. माझं स्पष्ट मत, मणका दबलेला असेल तर डेक्सा बरी आली म्हणून गप्प बसू नये. थायरॉइड, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम तपासायचं का, हेही विचारा. आणि हाडांची झीज रोखणाऱ्या झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन ठरलं तर दात काढण्यासारखी कामं आधी उरकून घ्या, नंतर जबड्याच्या हाडाला क्वचित त्रास होतो.